तिसऱ्या लेखकाला "चारच दे"

एक मालिका तेरा वर्षं चालली, लेखक तीन झाले आणि समोर बसणारी तिन्ही म्हातारी तीच राहिली, की किस्से साचणारच. आमच्या भडगावच्या घरात तर पोत्यानं साचलेत!

*

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. कोरं जर्नल उरलं, त्यात रोज सातच्या एपिसोडला दहापैकी मार्क लिहायला लागलो. देणारे तिघं : माझा बाप आबा, आत्या अक्का आणि शेजारचे रिटायर्ड मास्तर नाना. आधीच्या दोन लेखकांचे मार्क आठवणीतून घेतले.

कॉलेज सोडल्यापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत. मार्कसुद्धा अक्कामार्फत. मी समोर बसलेलो असतो!

"अक्का, त्याला सांग, चारच दे."

*

नानांनी पहिल्या लेखकाला सरसकट नऊ दिले. "तो काळच वेगळा होता!"

"नाना, तुमच्याकडे टीव्ही दुसऱ्या लेखकाच्या वेळी आला ना?"

"मग? लोकं सांगायचे की!"

चाळीस वर्षं या माणसानं पोरांचे पेपर तपासलेत!

*

अक्काला लेखकाशी देणंघेणं नाही. सासूनं सुनेला झापलं की दहा. सासू रडली की शून्य.

"अक्का, आज तर सासूच चुकली होती."

"सासू कधी चुकस का रे? दहा लिख!"

*

तिघांच्या मते पहिला लेखक ग्रेट, तिसरा कचरा. म्हणून एकदा पहिल्याच्या काळातला जुना एपिसोड आजचा म्हणून गुपचूप लावला. तिघांनी मिळून दिले नऊ. म्हणजे सरासरी तीन!

मी खरं सांगितल्यावर नाना चहा प्यायला घरी गेले. आबा अक्काला म्हणाले, "स्वतः नापास, अन् आमचा रिझल्ट लावतो!"

त्या दिवशी जर्नल फाडणार होतो. अक्कानं हिसकावलं.

*

परवा सातला पाच कमी असताना लाईट गेली. नाना गावाला गेलेले. आज मालिकेत काय होणार म्हणून अक्का कासावीस. "आते काय व्हई?"

म्हटलं, मी सांगतो. आणि दिली ठोकून! सुनेनं सासूला मोटारसायकलवर मागे बसवलं, सोनगीरचा किल्ला दाखवायला नेलं. अर्ध्या चढावर सासूची चप्पल तुटली. सुनेनं स्वतःची काढून दिली. उतरताना सासूनं सुनेचा खांदा धरला.

अंधारात चाचपडत मी जर्नल मिटलं.

"नऊ लिही," आबा म्हणाले. अक्काला नाही. मला.

मग पुन्हा आबांचाच आवाज आला, "लेखक बदलला का रे?"