स्वखुशीने गेलेला नंबर

"वर काय शोधतोस? खाली बघ. तुझं नाव तळाला आहे."

आमचे मोठे साहेब, म्हणजे चीफ पायलट, म्हणाले. वैमानिकांच्या खोलीत भिंतीवर सीनियॉरिटीची नवी यादी लागली होती. मी वरून बोट फिरवत माझं नाव शोधत होतो. साहेबांनी माझं बोट धरलं आणि पाटीवर गिरवायला शिकवतात तसं खाली नेलं. सगळे हसले. अभयही हसला.

अभय आणि मी एकाच दिवशी को-पायलट म्हणून लागलो. एका दिवशी लागले तर वयाने मोठा तो वर, असा नियम. मी सव्वीस दिवसांनी मोठा, म्हणून माझा नंबर त्याच्या वर. बाहेरच्याला यात काय एवढं असं वाटेल. पण आमच्या धंद्यात त्या नंबरावर सगळं चालतं. वरचा आधी ड्यूट्या निवडतो, उरलेलं खालच्याच्या पानात पडतं. दिवाळीला घर नाही, होळीला घर नाही. विमानसुद्धा नंबराने मिळतं. वरच्याला जेट. खालच्याला पंख्याचं जुनं धूड.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. जेटच्या ट्रेनिंगला एकच जागा निघाली आणि नंबर माझा लागला. त्याच रविवारी अभय नायगावला आमच्या घरी आला. बाप मिठागरावर राबणारा. घरात खुर्ची एकच, ती अभयला दिली. आईने चिंबोऱ्यांचं कालवण केलं. त्याने दोनदा मागून घेतलं. मग म्हणाला, "जूनच्या बॅचला माझा नंबर लागेल रे, आणि जूनमध्येच माझं लग्न. आत्ता मला जाऊ दे, जूनमध्ये तू जा."

मोठे साहेब त्याचे सख्खे मामा. मला ठाऊक होतं. तरी शंका आली नाही.

आमच्यात ड्यूट्या बदलून घ्यायची पद्धतच होती. कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाचं पोर आजारी. चिठ्ठी लिहायची, 'स्वखुशीने बदल', खाली सही. मी तशीच चिठ्ठी लिहून दिली. गाढवपणा माझाच. ड्यूटी बदलली तर नंबर हलत नाही, पण ट्रेनिंग सोडलं तर माणूस यादीच्या तळाला जातो. नियमांच्या चोपडीत होतं. मी वाचलं नव्हतं. अभयने वाचलं होतं.

त्या यादीनंतर मी त्याला जिन्यात गाठलं. "जूनमध्ये लग्न होतं ना तुझं?"

"डिसेंबरात ठरलंय. आणि हे बघ, मिठागरातून विमानापर्यंत आलास ना? पुष्कळ झालं की."

माझ्या आईच्या हातचं जेवलेला माणूस हे बोलला. जीव जळतो अजून.

घरी बापाला सांगितलं. तो पाय धूत होता. मिठाच्या पाण्याने फाटलेले पाय. "मी जलमभर आंगठा दिला," तो म्हणाला. "मना वाचाया येत नव्हता. तुला येत होता ना?"

पाय पुसून तो आत गेला. त्या रात्री मी जेवलो नाही.

आठवड्याने साहेबांनी बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझी काही तक्रार नाही, असा मजकूर. "सही कर. पुढचं पुढे बघू."

त्यांनी बसायला सांगितलं नव्हतं. मी उभ्यानेच कागद वाचला. दोनदा. पेन टेबलावर ठेवलं.

"सही करणार नाही."

"मग तळालाच राहशील."

"राहीन. पण स्वखुशीने राहिला, असं तुम्हाला लिहू देणार नाही."

काय घडलं ते सगळं मी लिहून काढलं, अभयच्या नावासकट, आणि यादीशेजारी टाचलं. संध्याकाळपर्यंत शिपायाने काढलं.

मी अजून पंख्याचंच विमान उडवतो. अभय जेटवर आहे. दर महिन्याला ड्यूट्यांची यादी लागते. दर महिन्याला मी तिच्या शेजारी माझा कागद लावतो. शिपाई काढतो. माझ्याकडे प्रती भरपूर आहेत, आणि निवृत्तीला अजून बरीच वर्षं आहेत.