तरंगणारा कापूस

"हिच्या घरी कोणी कापूस पाह्यला नाई का वं? कालपासून नुसती पाण्यात बुडवून राह्यली."

हे माझ्याबद्दल होतं. मी काचेच्या भांड्यावर वाकून उभी होते आणि बोलणारी माझ्यापासून चार पावलांवर. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला आपलं आपापसातलं बोलणं नीट कळत नाही, अशी तिथल्या बायकांची पक्की समजूत होती. मी ती कधी दुरुस्त केली नाही. त्यामुळे बऱ्याच गोष्टी ऐकायला मिळत.

बोलणारी आमची अध्यक्ष. तिचं माहेर नाचणगाव, म्हणून सगळ्या तिला नाचणगाववाली म्हणत. सेलूजवळच्या एका जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये तिच्या बचत गटाने दवाखान्यात वापरायचा कापूस बनवायला घेतला होता. आपल्याकडचा कापूस गाठी बांधून कुठल्या कुठे जातो, तिकडे उकळून, धुऊन, निळ्या कागदात गुंडाळला जातो आणि आपल्याच दवाखान्यात परत येतो. एवढा प्रवास त्याला कशाला करू द्यायचा, हा गटाचा साधा हिशेब. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून तपासणीसाठी मला ठेवलं होतं. वर्ध्याहून रोज बसने यायचे आणि होता होईल तेवढं न बोलता परत जायचे.

कापूस बुडवणं हीच माझी नोकरी होती. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. सोड्यात उकळून ते मेण काढलं की तो पाणी पितो, आणि असा कापूसच जखमेच्या कामाचा. तारेची छोटी टोपली घ्यायची, तिच्यात मोजून कापूस भरायचा, टोपली पाण्यावर सोडायची. दहा सेकंदांच्या आत बुडाली तर माल पास. बुडून पास होण्याची एवढी एकच परीक्षा मला माहीत आहे.

आमच्या काही टोपल्या पास व्हायला तयारच नव्हत्या. मजेत तरंगत राहायच्या.

आणि आठ दिवसांनी जिल्ह्याच्या औषध भांडारातले साहेब माल पाहायला येणार होते. त्यांनी सही केली तर आरोग्य केंद्रांना वर्षभर आमचा कापूस जाणार होता. नाही केली तर कापूस पिंजायचं मशीन बंद आणि या बायका परत दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी ते बोलत नव्हतं. त्याऐवजी माझी थट्टा करत होत्या.

आधी सगळ्यांनी सोड्याला दोष दिला. मग पाण्याला. एक खेप पुन्हा उकळली, त्यात दोन दिवस गेले. पण मला एक गोष्ट दिसली होती. वाळवणीवरून उचललेला कापूस झटकन बुडायचा. तोच कापूस गुंडाळून रोल झाला की त्यातले काही रोल तरंगायचे. सगळे नाही, फक्त खिडकीजवळच्या टेबलावरचे.

त्या टेबलावर अल्लीपूरवाल्या काकू बसायच्या. गटातल्या सगळ्यांत वडील. त्यांचा रोल इतका घट्ट आणि सारखा असायचा की पाहणाऱ्याला मशीनचा वाटावा. नाचणगाववाली त्यांचे रोल मुद्दाम ढिगाच्या वरच्या थरात लावायची, शोभेला.

थंडीचे दिवस होते. धुतलेला कापूस दिवसभर हाताळला की हात कोरडे पडतात, बोटांना भेगा पडतात आणि कापसाचे तंतू त्या भेगांत अडकतात. काकूंनी यावर उपाय शोधला होता. जेवण झालं की साबणाने हात स्वच्छ धुवायच्या आणि कनवटीच्या बाटलीतून दोन थेंब जवसाचं तेल तळहातावर चोळायच्या. मग हात कसे सरसर चालायचे. कारखान्याने कापसातलं मेण काढायचं आणि काकूंनी त्यावर प्रेमाने तेल लावायचं, असं चाललं होतं.

हातमोजे नव्हते असं नाही. खोका मीच आणला होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मोजे घालून पाहिले, एकमेकींचे फोटो काढले आणि नीट घडी घालून परत ठेवले. काकू म्हणाल्या, "साहेब येईन त्या दिवशी घालू. रोज घालून खराब काऊन करा लागते?" आमच्या घरीही चांगले कप शोकेसमध्येच असतात. त्यामुळे मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आता काकूंना सांगायचं एवढंच उरलं होतं.

पण काकू रोज माझ्या डब्यात त्यांची भाकर टाकायच्या. "खा वं पोट्टी. हवा आली तर उडून जाशीन. मंग कापसासंगं तुलेबी टोपलीत ठेवा लागन."

"ते तरंगन का बुडन, काकू?" नाचणगाववाली विचारायची.

"बुडन ना! इतकं बोलणं पोटात साठवून ठेवते, हलकी कशी राहीन?"

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, भाकर खाली बघून खायचे, आणि तेलाची गोष्ट उद्यावर जायची. ज्या बाईचं खाल्लं, तिला चारचौघींत तुमचे हात तेलकट आहेत असं कसं सांगायचं? एकटीला गाठावं, तर काकू एकट्या कधी नसतच.

मग मी माझ्या पद्धतीने सांगितलं. तपासणीच्या रजिस्टरमध्ये रोज, नीटनेटक्या इंग्रजीत, खिडकीजवळचं टेबल आणि तेलाचा संशय असं लिहीत गेले. ते रजिस्टर माझ्याशिवाय कोणी उघडत नव्हतं, त्यामुळे वाद झाला नाही. त्यानंतर भिंतीवर मराठीत सूचना चिकटवली: "कामाच्या वेळी हातांस कोणताही स्निग्ध पदार्थ लावू नये." काकूंनी ती मोठ्याने वाचली. "अक्षर मस्त आहे पोरीचं," म्हणाल्या आणि कागद थोडा वाकडा होता तो अंगठ्याने दाबून सरळ केला. त्या जागी कागद पारदर्शक झाला. तो ठसा भिंतीवर आजही आहे.

साहेब आले त्या दिवशी शेड धुऊन काढली होती. सगळ्या मोजे घालून ओळीत बसल्या होत्या, आणि काकूंचा पहिला रोल त्या मोज्यांमुळे निसटून टेबलाखाली गेला. साहेब बोलायला मऊ होते. चहा घेतला, टाकी पाहिली, मशीन पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"तपासणी तुम्हीच करता ना? मग दाखवा करून. कोणताही एक रोल घ्या."

"कोणताही घे वं," नाचणगाववाली म्हणाली. "सगळे एकसारखे."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्यांदा उकळल्यावर दोष गेला, असं ती धरून चालली होती, कारण मी काही बोलले नव्हते.

मी ढिगाकडे गेले. वर काकूंचे देखणे रोल. माझा हात त्यांना टाळून खालच्या थरात गेला आणि दाराजवळच्या टेबलावरचा एक जरा वेडावाकडा रोल घेऊन वर आला. कापूस मोजला, टोपलीत भरला, पाण्यावर सोडला. साहेब घड्याळ पाहत होते. चार सेकंदांत टोपली तळाला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोज्यांमुळे त्या फटफट वाजल्या. साहेबांनी खिशातून पेन काढला.

मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. मनात सगळी योजना तयारही झाली. सही होऊ दे. मग मी काकूंना हळूच, एखाद्या दिवशी, बाजूला घेऊन सांगेन. तो दिवस कोणता, हे मी ठरवलं नाही. माझे असे दिवस बरेच शिल्लक असतात.

"हा माल आधी कुठं जाईल, साहेब?" नाचणगाववालीने विचारलं.

साहेबांनी जवळच्याच आरोग्य केंद्राचं नाव घेतलं. तिथे बाळंतपणं जास्त, म्हणाले, कापूस कायम कमी पडतो.

काकू खुर्चीतून उठल्याच. "अव माय! माह्या सुनेले तिथंच न्यायचं आहे पुढच्या महिन्यात. पाहा वं, आता आपलाच कापूस लागन तिले. माह्याच हातचा!" आणि मोजे घातलेल्या दोन्ही हातांनी त्यांनी वरच्या थरातला स्वतःचा एक रोल उचलून साहेबांपुढे धरला. "हा पाहा साहेब. असा रोल तुम्हाले मशीनबी देणार नाई."

साहेब हसले. "खरंच सुंदर आहे," म्हणाले आणि सहीसाठी कागद टेबलावर सरळ केला.

मी काकूंच्या हातातला रोल घेतला. त्याचा वरचा थर तोडून टोपलीत भरला आणि टोपली पाण्यावर सोडली. दहा सेकंद झाले. वीस झाले. टोपली तरंगत होती आणि सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या, कापसाकडे नाही. काकूंचे हात अजून तसेच पुढे होते, रिकामे.

आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही, इतका मोठा.

"साहेब, सही करू नका. खिडकीजवळच्या टेबलाचे सगळे रोल असेच तरंगतात. कापूस चांगला आहे, काकूंचं कामही चांगलं आहे, फक्त गुंडाळताना हाताचं तेल लागलंय. मला हे चार-पाच दिवसांपासून माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलं नाही. आम्ही ते उकळून परत गुंडाळतो, दोन दिवस द्या. आणि काकू, तुमच्या सुनेसाठीचा रोल तुम्हीच करायचा, फक्त मोजे घालून."