भुसकटात दिसलेला वारा

ज्वारीच्या भुसकटाचा वास आला की मुरुडजवळचा तो दुष्काळी उन्हाळा आठवतो. लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि मी नवा इंजिनियर, शाळेचा नकाशा घेऊन तिच्या उघड्या जोत्यावर उभा होतो. दगड वाहणारी एक म्हातारी म्हणाली, "सायेब, वारा इकडून येतो अन् तुमी इकडंच सलग भिंत घालायलात. लेकरं उकडून जातील." मी हसलो. तिनं घरून मागच्या सुगीचं भुसकट आणलं आणि खळ्यावर उभं राहावं तसं जोत्याच्या कडेला उभं राहून सूप डोक्यावर धरलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग भुसकटाचा पिवळा पट्टा माझ्या भिंतीच्या रेघेवरून निघाला आणि अख्ख्या वर्गाच्या जागेवरून वाहत गेला. मी पहिल्यांदाच वारा पाहिला. आजही खिडकी आखण्याआधी मी जागेवर मूठभर भुसकट सोडतो आणि थांबतो.