हरलेला परत खेळणार

जानेवारीतला शनिवार. सकाळी धुकं, दहानंतर लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. हवा रोजच्या रोज लिहून ठेवायची सवय असल्याने एवढं नक्की सांगू शकतो. बाकी, आमच्या कबड्डी मंडळाचे किस्से लिहून ठेवावे लागत नाहीत. चहाला चौघं बसले की एक निघतो, आणि तो संपायच्या आत दुसरा अर्ध्यावर आलेला असतो. त्या वर्षीच्या स्पर्धेचे मात्र एकदा ओळीने सांगायला हवेत.

*

सुरुवात केबलमुळे झाली. नेवाशात नुकतीच केबल आली होती आणि आमच्या शाळेचे खेळाचे शिक्षक दिघे सर मेव्हण्याकडे जाऊन रग्बी लीग बघायचे. चेंडू लांबट, पण पकडापकडी आपल्यासारखीच, म्हणून त्यांना गोडी लागली. एका शनिवारी एक संघ हरला. पुढच्या शनिवारी तोच संघ परत मैदानात! सर मेव्हण्याला म्हणाले, "अरे, हे जुनी मॅच दाखवतायत."

जुनी नव्हती. तिकडे प्ले-ऑफची, म्हणजे साखळीनंतरच्या सामन्यांची, रीतच तशी होती, आणि तीही म्हणे दर एक-दोन वर्षांनी बदलायची. सरांनी तिच्यातला सोपा भाग उचलला आणि मंडळापुढे ठेवला. साखळी सामन्यांतून चार संघ निवडायचे. पहिला आणि दुसरा एकमेकांशी खेळणार. जिंकेल तो थेट फायनलला. हरेल तो घरी जाणार नाही. तिसऱ्या-चौथ्यात जो जिंकेल त्याच्याशी खेळून त्याला फायनल गाठायची आणखी एक संधी.

आमचे पंच तात्या शांतपणे ऐकत होते. "मंग हरल्यात आन् जिकल्यात फरक काय ऱ्हायला?"

"जिंकलेल्याला विश्रांती मिळते, तात्या."

"इस्रांती पायजे तर कबड्डी कशाला खेळायची?"

*

सगळ्यात जास्त विरोध केला तो आमच्या गावच्या संघाच्या कप्तानाने, सर्जेरावने. तीन वेळा फायनल हरलेला माणूस. गुडघा कामातून गेलेला. ही स्पर्धा शेवटची, असं त्याने घरी कबूल केलं होतं. विजेत्याची ढाल एकदा घरात यावी, एवढीच त्याची इच्छा. तरी म्हणाला, "हरल्यावर परत उभं ऱ्हायचं? आपल्याला न्हाई जमायचं."

शेवटी मंडळाने सरांचं ऐकलं, आणि शनिवारी दुपारी पहिल्या-दुसऱ्याच्या सामन्यात जामखेडच्या संघाने त्यालाच हरवलं.

*

आता आमच्याकडची रीत अशी, की हरलेल्या कप्तानाला तात्या मैदानातच नारळ देतात. नारळ घेतला की स्पर्धा संपली. तात्यांनी सवयीने दिला, सर्जेरावने सवयीने घेतला आणि तो थेट वावरात गव्हाला पाणी द्यायला निघून गेला.

दिघे सर सामन्यांचा तक्ता घेऊन बांधावर पोचले. मीही होतो. सर्जेराव खोरं न थांबवता म्हणाला, "सर, नारळ घेतलाय. उद्या खेळलो तर लोकं त्वांडात शेण घालतील."

सर तक्ता दाखवत राहिले. मागून तात्या धापा टाकत आले. त्यांनी बांधावर ठेवलेला नारळ उचलला, विहिरीवरच्या मोटारीच्या ओट्यावर फोडला, चौघांना खोबरं वाटलं आणि विचारलं, "कुठं हाय नारळ?"

सर्जेरावने खोबरं चावून संपवलं. मग म्हणाला, "उद्या किती वाजता?"

*

तिकडे तिसऱ्या-चौथ्याच्या सामन्यात भंडारदऱ्याकडची पोरं जिंकली. फायनल गाठली समजून त्यांनी गुलाल उधळला, हलगी लावली. सर धावत गेले आणि अजून एक सामना आहे असं सांगितलं. त्यांचा कप्तान डोळ्यांतला गुलाल पुसत म्हणाला, "मंग आमी नक्की कोनाला हरावलं?"

तात्या म्हणाले, "नाचा तुमी. उरलेला गुलाल जपून ठिवा."

रविवारी सकाळी सर्जेरावच्या संघाने त्यांना हरवलं. संध्याकाळी फायनल, समोर पुन्हा जामखेड.

*

जामखेडकरांना विश्रांती होती. पण आमच्या गावात पाहुण्याने नुसतं बसायचं नसतं. शनिवारी रात्री एका घरी मटण, रविवारी सकाळी दुसरीकडे धपाटे आणि दही. दुपारच्या जेवणाची पाळी सर्जेरावच्या घरी होती. पाळ्या तात्यांनी स्पर्धेच्या आधीच लावल्या होत्या.

पुरणपोळ्या होत्या. सर्जेराव सकाळचा सामना खेळून लंगडत आला आणि स्वतः वाढायला लागला. जामखेडचा कप्तान बबन ताटावर हात आडवा धरायचा, तर हा त्याच्या बोटांवरून तुपाची धार सोडायचा.

"बास, दादा. सांजच्याला खेळायचंय."

"खेळायचंय म्हनून तर. आमच्या दारातून उपाशी गेला म्हनत्याल लोक. ही शेवटची."

अशा शेवटच्या तीन झाल्या. बबन म्हणाला, "तुमी बी बसा की आमच्यासंगं."

"यजमान मागून जेवतो," सर्जेराव म्हणाला.

पाहुणे उठल्यावर त्याने अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि गुडघ्याला पट्टी बांधायला बसला.

*

संध्याकाळी गार वारा सुटला होता. शेवटच्या चढाईला गुण सारखे, बावीस-बावीस. चढाई बबनची. तो आमच्या अंगणात आला, दोन पावलं डावीकडे गेला आणि मध्येच त्याचा दम तुटला. सर्जेराव जागेवरून हललाही नव्हता. तात्यांनी शिट्टी मारली.

आमचं गाव तेवीस, जामखेड बावीस.