आबांनी सावरलेला हंगेरीचा ठेका

आमच्या आबांना चारचौघांत न्यावं आणि निमूट परत आणावं, हे या जन्मी कुणाला जमलं नाही. मला तर नाहीच नाही.

आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहायचो. वडील, म्हणजे आबा, इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. मूळचे वडगावकडचे, आणि भजनात पखवाज त्यांचाच. माझ्या शाळेत शिवण शिकवायला एक मडमबाई यायच्या. त्यांनी एकदा माझ्या हातात व्हायोलिन दिलं आणि मी खुळीच झाले. बाई शिकवायला तयार, आईची ना नव्हती, घोडं अडलं ते आबांपाशी. पोरीच्या जातीनं फिडल वाजवायचं म्हणजे काय, हा त्यांचा हेका. महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा म्हणाले, एकदा ऐकतो, मग सांगतो.

उन्हाळ्यात मुंबईहून मोठा वाद्यवृंद आला. साहेबलोकांच्या हॉलमध्ये संध्याकाळी हंगेरी देशाचं संगीत होतं. बाईही त्यात वाजवणार होत्या. त्यांनी आम्हा दोघांना मागच्या बाकावर जागा मिळवून दिली. वाटेत मी आबांना हजारदा बजावलं, तिथं बोलायचं नाही, वाहवा म्हणायचं नाही. व्हय व्हय म्हणाले.

कसलं व्हय! वाद्यवृंदाचा म्होरक्या लोकांकडे पाठ करून उभा राहिला, हेच आधी त्यांना खटकलं. मग खिशातून अडकित्ता निघाला. सगळे श्वास रोखून बसलेले आणि आमच्या बाकावर सुपारी कातरणं चाललंय. मी तो हिसकावून माझ्या ओच्यात घातला.

पण खरं सांगते, व्हायोलिनं सुरू झाली आणि आबा गप्प झाले. संथ, दुखरे सूर होते. त्यांनी डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. मनात म्हटलं, आता काम फत्ते.

आणि तिथंच माशी शिंकली. हंगेरीच्या त्या नाचाच्या सुरावटीची रीतच अशी, की संथ चालता चालता धावत सुटायचं, मध्येच थबकायचं, पुन्हा धावायचं. बाईंनी मला सांगितलेलं, मी वाटेत आबांना सांगितलेलं, पण ऐकतंय कोण? भजनात गाणारा लयीतून सुटला, की पखवाजवाला दणदणीत थापा टाकून त्याला समेवर आणतो. वाद्यवृंद थबकला तसे आबा ताडकन उठले आणि मोठ्यानं टाळ्या वाजवून ठेका देऊ लागले. कशाला, तर चुकलेल्यांना सावरायला!

सगळा हॉल मागं वळला. बाईंचा चेहरा गोरामोरा झाला. मी सदरा धरून ओढलं, तर मलाच म्हणतात कसे, थांब, येत्याल आता समेवर. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. म्होरक्यानं ठरल्या जागी हात हलवला, वाद्यवृंद पुढं निघाला, आणि आबा समाधानानं खाली बसले. त्यांना वाटलं, आपल्यामुळंच.

परत येताना मी तरातरा पुढं चालत होते. माझं व्हायोलिन संपलं होतं. बाजारपेठेच्या वळणावर आबाच बोलले.

"एवढी मानसं बसल्याली, आन एकानं हात दिला न्हाई. पोरी, तितं तू चुकलीस तर तुला कोन सावरंल?"

म्हणजे नाहीच ना, मी रागानं विचारलं.

"न्हाई कशाला? शीक की. मी येतो संगट."

कपाळाला हात लावला मी. दुसऱ्या दिवशी बाईंची माफी मागायला गेले. त्या शिकवायला कबूल झाल्या, पण वडिलांची खुर्ची बाहेर, व्हरांड्यात. शेडमधली पाळी सुटली की आबा तिथं हजर. माझा हात जरा अडखळला की खिडकीबाहेरून टाळी. किती भांडले मी त्यापायी! ऐकतील तर आबा कसले.

पुढं दोनेक वर्षांनी बाईंनी तोच हंगेरीचा नाच शिकवायला घेतला. थबकायची जागा आली तशी मी थबकले, आणि आता येतेय टाळी म्हणून दात आवळले. आली नाही. खिडकीतून पाहिलं, तर आबा दोन्ही हात अधांतरी धरून बसले होते, मी पुढं निघायची वाट बघत.