कवठाचा डाग

चूक माझी होती. नांदुऱ्याच्या शाळेत मी शिकवलं, की दोन जड अणुकेंद्रं एकमेकांवर आदळली, की उडालेल्या तुकड्यांवरून आतलं कळतं. दारातून ऐकणाऱ्या आमच्या शिपायाला ते फार पटलं. घंटा बडवण्याचा त्याला भारी शौक. मधल्या सुट्टीत त्यानं माझ्यादेखत दोन कवठं एकमेकांवर आदळली. गर समोरून येणाऱ्या हेडमास्तरांच्या टोपीवर उडाला.

"हे कोणी शिकवलं बे तुले?"

"मलेच सुचलं, साहेब."

मी फक्त टोपी पुसायला रुमाल पुढे केला. हेडमास्तरांनी त्याच्याकडून घंटेचं काम काढून घेतलं. जाताना तो हळूच म्हणाला, "सर, तुमच्या कॉलरवरचा गर पुसा. नाहीतर त्यायले समजन, शिकवलं कोणी ते."

तीन दिवस तो रिकाम्या हातानं हवेतच ठोके देत होता. चौथ्या दिवशी तोच डागाळलेला सदरा घालून मी हेडमास्तरांसमोर त्याला म्हणालो, "भाऊ, शिकवलं मीच होतं. मले माफ करा."