दाढ दुखणारी सून

नव्वदच्या दशकात वाशीत मी समुपदेशनाची पाटी लावली आणि माझ्या गॅलरीत कावळेसुद्धा बसायचे बंद झाले. वेड्यांची डॉक्टरीण! माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घरी सांगून यायचा, की शेजारच्या दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. त्या बिचाऱ्याची कीर्ती पार खांदेश्वरपर्यंत पोचली, आणि तो आत माशा मारत बसलेला.

एका शनिवारी नेरूळहून एक शिष्टमंडळ आलं. सासूबाई, मुलगा, मुलाचे मामा आणि मधोमध सून. तिच्या गालावरून डोक्यापर्यंत एवढा मोठा रुमाल आवळलेला, की त्यात एखादं कलिंगड सहज मावलं असतं.

"दात शेजारी बघतात," मी म्हटलं.

"दात चांगलेत हो मॅडम," सासूबाई कुजबुजल्या. "सोसायटीत तसं सांगितलंय. ही बोलतच नाही. महिना होत आला."

हे लग्न मामांनी जमवलेलं. त्यामुळे मोडायचा हक्कही त्यांचाच. "हे बघा बाई, डोक्यात फरक आहे एवढं तुम्ही म्हणा. उद्या साताऱ्याला माहेरी पोचवून येतो. पोराचं अख्खं आयुष्य पडलंय पुढं."

मी सुनेला विचारलं, "झोप लागते?"

"लागते," मामा म्हणाले.

"भूक?"

"असते की," सासूबाई.

"रडू येतं?"

"टेन्शन घेते हो ती," नवरा.

तिची तब्येत या तिघांना एवढी तोंडपाठ, की तिला उगाच रिक्षात घालून आणली.

मग मी ठेवणीतली थाप काढली. म्हटलं, हा आजार कानातून पसरतो. पेशंट पहिल्यांदा बोलतो तेव्हा खोलीत जो असेल त्याला हमखास होतो. मामा आणि सासूबाई असे सुटले, की पंखा बंद असून भिंतीवरचं कॅलेंडर हललं. नवरा बी.कॉम. होता. तोही गेला.

दार लागल्यावर तिने स्वतःच रुमाल सोडला. आवळून आवळून गालावर वळ उठले होते.

"तीन महिन्यांचं होतं पोटात," ती म्हणाली. "गेलं. गच्चीवर कपडे वाळत घालताना एकदा रडू आलं. समोरच्या काकूंनी विचारलं, तर आई म्हणाल्या, दाढ दुखतेय तिची. खाली आल्यावर रुमाल बांधला आणि म्हणाल्या, आता कुणासमोर तोंड उघडायचं नाही."

"आणि घरात?"

"घरात कुणी विचारलंच नाही."

धन्य! बाळ गेलं हे लोकांना कळू नये म्हणून सुनेची दाढ दुखवली, दाढ दुखते म्हणून तोंड बांधलं, आणि बांधलेलं तोंड बोलेना म्हणून सून वेडी. एवढं अचाट निदान मला सात जन्म शिकूनही जमलं नसतं.

मी नवऱ्याला आत घेतलं. "ती बोलेल, तुम्ही ऐकायचं. 'टेन्शन घेऊ नको' म्हणालात, तर शेजारून पकड आणून तुमचेच दात पाडीन."

ती बोलली. तो आधी छताकडे बघत होता, मग जमिनीकडे. शेवटी म्हणाला, "मलापण रोज आठवतं गं. आई म्हणाली, विषय काढू नको."

बाहेर मामा हाताला रुमाल गुंडाळून, एक कान झाकून उभे. "मग? उद्याची गाडी?"

"ती कुठे जाणार नाही मामा," नवरा म्हणाला. " वेड नाही लागलेलं तिला. आमचं बाळ गेलंय."

"अरे हळू!" सासूबाईंनी दातांच्या डॉक्टरच्या बाकड्याकडे पाहिलं. नेमका त्या दिवशी तिथे खराखुरा पेशंट बसला होता, तोही कान टवकारून. "लोक ऐकतात!"

"ऐकू दे की आई," सून म्हणाली.

सासूबाई आणि मामा रागाने रिक्षात बसून निघून गेले. ती दोघं पायीच बसस्टॉपकडे निघाली. मी गॅलरीतून बघत होते. वळणापर्यंत ती हातवारे करत बोलतच होती. तो गप्प होता, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बहुतेक शहाणा दिसत होता.